सगळे पाण्यासाठीच आले

बोईसर स्टेशनवर उतरलं की गाव आधी नाकाला कळतं, मग डोळ्यांना. आमच्याकडच्या लोकांना तो वास आता जाणवतही नाही. बाहेरचा पाहुणा मात्र रिक्षात बसता बसता विचारतोच, "कसला हो हा वास?" आपण "एमआयडीसी" एवढंच म्हणतो आणि विषय संपतो.

आज तो विषय जरा वाढवावा असं मनात आहे. घरातल्या धाकट्या मंडळींना पालघरचा इतिहास विचारला तर तारापूरचा किल्ला, चिमाजी अप्पा आणि अणुऊर्जा केंद्र इथे त्यांची गाडी थांबते. चूक काही नाही त्यात. पण नकाशावर हा किनारा वरून खाली बोट फिरवत बघा. वाढवण, चिंचणी, तारापूर, घिवली, उच्छेळी-दांडी, नवापूर, आलेवाडी, नांदगाव, मुरबे, सातपाटी. इथे जो जो आला तो पाण्यासाठीच आला. कुणी खाडीसाठी, कुणी समुद्रासाठी, कुणी नदीसाठी. त्यामुळे हा इतिहास राजांच्या क्रमाने सांगण्यापेक्षा पाण्याच्या क्रमाने सांगितला तर जास्त उलगडतो, असं मला वाटतं.

किल्ल्यापासूनच सुरू करू. पोर्तुगीजांनी तारापूरला, माहीमला, शिरगावला, केळव्याला कोट बांधले ते बहुतेक खाडीच्या नाहीतर समुद्राच्या तोंडाशी. त्या काळी खाडी हाच रस्ता होता. माल खाडीतून आत यायचा आणि खाडीतूनच बाहेर जायचा. जानेवारी १७३९ मध्ये मराठ्यांनी तारापूर घेतलं. त्या लढाईत बाजी भिवराव पडले. पोर्तुगीज गेले, पुढे इंग्रज आले, तेही गेले. या सगळ्यांनी पाणी वापरलं ते वाटेसारखं. वाट वापरून माणूस निघून गेला की वाट जशीच्या तशी उरते, तसं पाणी उरलं.

त्या वाटेवर राहणारी माणसं मात्र तीच होती. मांगेला, वैती, कोळी. त्यांच्यासाठी पाणी म्हणजे घर, शेत आणि तिजोरी. त्यांचा एक साधा नियम होता. पावसाळा लागला की होड्या वर ओढायच्या आणि नारळी पौर्णिमेला नारळ वाहिल्याशिवाय समुद्रात जायचं नाही. हा नियम कुठल्या खात्याने काढलेला नव्हता. दर्या खवळलेला असतो हे एक कारण, आणि बरेच मासे याच सुमारास अंडी घालतात हे दुसरं. धर्म, भीती आणि हिशोब असे तिन्ही त्या एका नारळात होते म्हणा ना!

खाडीचंही असंच. आपण शहरात राहायला गेलो की खाडी म्हणजे चिखल आणि डास वाटायला लागतात. पण नदीचं गोडं पाणी आणि भरतीचं खारं पाणी जिथे मिसळतं, तिथे तिवरांच्या मुळांत कोलंबीची आणि माशांची पिल्लं वाढतात. निवट्या, चिंबोऱ्या, बोय, कालवं हे तर खाडीचंच धन. होडी नसलेल्या घरातली बाईसुद्धा ओहोटीला टोपली घेऊन गेली की संध्याकाळच्या कालवणाची सोय व्हायची. मोठ्या समुद्रातली मासळी ही कमाई होती आणि खाडी ही घरची भाजी. हा फरक लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

सातपाटीचं पापलेट तर सगळ्यांना ठाऊकच आहे. तिथल्या मच्छीमारांनी सहकारी संस्था काढल्या, बर्फाची सोय केली, व्यापाऱ्याच्या तोंडाकडे बघायची वेळ येऊ दिली नाही आणि आपलं पापलेट मुंबईला नि पुढे परदेशी पोचवलं. महाराष्ट्रातला सहकार म्हटलं की आपल्याला साखर आठवते. सातपाटीचं नाव त्या यादीत फारसं कुणी घेत नाही. असो.

मग आला नव्या युगाचा पाहुणा. भारतातलं पहिलं अणुवीज केंद्र तारापूरला १९६९ साली सुरू झालं. ते इथेच का? कारणं बरीच असतील, पण एक अगदी उघड आहे. अणुभट्टीतून निघालेली वाफ चक्र फिरवून झाली की ती थंड करावी लागते आणि त्यासाठी अखंड पाणी लागतं. समुद्राएवढं पाणी दुसरीकडे कुठे मिळणार? समुद्राचं पाणी आत घ्यायचं आणि थोडं गरम करून परत सोडायचं. देशाला वीज मिळाली, अनेक घरांना नोकऱ्या मिळाल्या, इंजिनियरांच्या वसाहती झाल्या, शाळा आल्या. हे सगळं खरं आहे आणि ते नाकारण्यात अर्थ नाही. पण तिसऱ्या आणि चौथ्या अणुभट्टीसाठी पोफरण आणि अक्करपट्टी ही गावंच्या गावं उठली, हेही तितकंच खरं आहे. होडीवर जगणाऱ्या माणसाला आत, समुद्रापासून लांब घर बांधून दिलं तर ते पुनर्वसन कागदावर पुरं होतं. होडी कुठे बांधायची हा प्रश्न कागदात नसतो.

त्यापाठोपाठ सत्तरच्या दशकात तारापूरची औद्योगिक वसाहत उभी राहिली. नाव तारापूरचं, जागा बोईसरजवळची. रसायनं, रंग, औषधं, कापड, पोलाद... हजारावर कारखाने झाले. या पाहुण्याला दोन पाणी लागायची. एक स्वच्छ, आत घ्यायला. दुसरं मोठं, बाहेर टाकायला.

स्वच्छ पाणी मिळालं सूर्या नदीचं. सूर्या ही वैतरणेची उपनदी. तिच्यावर धामणीचं धरण आणि कवडासचा बंधारा झाला तो मुळात डहाणू, विक्रमगड, पालघर भागातल्या, मुख्यतः आदिवासींच्या, शेतीला पाणी मिळावं म्हणून. टाकायची जागा मिळाली नवापूरच्या किनाऱ्यावर. म्हणजे बघा, डोंगरातून निघालेलं तेच पाणी नळातून कारखान्यात शिरतं आणि दुसऱ्या नळातून समुद्रात पडतं. नदीला समुद्राला मिळायला जे वळणावळणाने जमायचं ते आपण सरळ नळाने करून दाखवलं. फक्त मधल्या मुक्कामात पाण्याचा जीव गेला.

हा जीव जातो म्हणजे नेमकं काय होतं? मासा पाण्यात विरघळलेला प्राणवायू घेतो. कारखान्याच्या सांडपाण्यात जी सेंद्रिय घाण असते ती कुजवताना जंतू हाच प्राणवायू वापरून टाकतात. पाणी दिसायला पाणीच राहतं, पण त्यात श्वास उरत नाही. त्यात आम्ल, रंग, जड धातू यांची भर. खुल्या समुद्रात हे पसरून विरळ तरी होतं. खाडीत मात्र भरती ते आत ढकलते आणि ओहोटी पुरतं बाहेर नेत नाही. मुरबे-खारेकुरणच्या खाडीत मेलेल्या माशांचा खच पडल्याच्या बातम्या वरचेवर यायच्या त्या यामुळे. आणि सगळ्यात आधी मरतात ती पिल्लं, कारण ती खाडीतच असतात. घरची भाजी आधी गेली आणि तिच्या मागून मोठ्या समुद्रातली कमाईही कमी झाली, ती अशी.

सांडपाणी शुद्ध करायला सामुदायिक केंद्र होतं. त्याची ताकद दिवसाला अडीच कोटी लिटर आणि येणारं पाणी त्याहून कितीतरी जास्त. पुढे पाच कोटी लिटरचं नवं केंद्र आलं. पण मधली वर्षं काही परत येत नाहीत. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळ औद्योगिक भागांना प्रदूषणाचे गुण देतं, जितके जास्त तितकं वाईट. तारापूरला २००९ साली ७२ गुण होते आणि २०१८ साली ९३.६९. देशात पहिला नंबर! आपल्याकडे पोराने असे गुण आणले तर पेढे वाटतो.

२०१६ साली अखिल भारतीय मांगेला समाज परिषद राष्ट्रीय हरित लवादाकडे गेली. मला या सगळ्या इतिहासातली ही सर्वात मोठी घटना वाटते, किल्ला जिंकण्याइतकी. पाण्यावर जगणाऱ्यांनी पहिल्यांदा इतक्या मोठ्या पातळीवर पाण्याचा हिशोब मागितला. जानेवारी २०२२ मध्ये लवादाने शंभरावर कारखान्यांना मिळून सुमारे १६० कोटी रुपयांची भरपाई लावली. रक्कम मोठी आहे. पण त्याहून मोठी गोष्ट ही की खाडीचं नुकसान हे 'नुकसान' आहे, हे कुणीतरी लिहून दिलं.

दरम्यान, सांडपाणी समुद्रात सात किलोमीटर आत नेऊन सोडायची नवी वाहिनी ठरली. किनाऱ्यावरच्या गावांनी तिलाही विरोध केला. बाहेरच्या माणसाला वाटतं, घाण लांब जातेय तर यांना काय हरकत? हरकत ही की किनाऱ्यावर उभं राहून जे 'लांब' दिसतं तेच यांचं शेत आहे.

आता जरा दुसरी बाजू. मासा फक्त कारखान्यांनी संपवला असं म्हणणं हा खोटेपणा होईल. बारीक आसाची जाळी, पर्ससीन, यांत्रिक बोटींची वाढलेली संख्या, हातभर होण्याआधीच विकलं गेलेलं पापलेटचं पिल्लू, हे आपलंच काम आहे. कव मारण्यावरून वसई-उत्तनचे मच्छीमार आणि सातपाटी-डहाणूचे मच्छीमार यांच्यातला वाद किती जुना आहे ते आपल्या नातेवाइकांना मी सांगायला नको. ताट लहान झालं की भावाभावांत भांडणं होतात, तसंच ते. २०२१ साली मुरब्याच्या एका मच्छीमाराला एका फेरीत दीडशेवर घोळ मासे मिळाले आणि ते सव्वा कोटीहून जास्त किमतीला गेले. सगळ्या वाहिन्यांवर ती बातमी होती. लॉटरी लागली म्हणून सगळे खूश. पण ही लॉटरी किनाऱ्यापासून वीसेक सागरी मैल आत लागली होती. मासा आता तिथे राहतो. तिथवर जायला मोठी बोट आणि डिझेल लागतं. टोपली घेऊन ओहोटीला जाणाऱ्या बाईला तिथे जाता येत नाही.

नदीकडेही नवे पाहुणे आलेच. वैतरणा तर मुंबईने केव्हाच बांधून घेतली, मोडकसागर १९५७ चा. सूर्येचं दिवसाला ४० कोटी लिटर पाणी आता वसई-विरार आणि मीरा-भाईंदरच्या योजनेसाठी आहे. तिथेही आपलीच माणसं राहतात, त्यांना तहान नाही का? आहेच. पण धरणाच्या खालच्या आदिवासी पाड्यांवर उन्हाळ्यात हंडे रांगेत असतात, आणि दातिवऱ्याच्या खाडीत उतरणारं गोडं पाणी कमी होतं ते वेगळंच. ज्याला आपण 'वाया जाणारं पाणी' म्हणतो त्यावर खाडी जगते.

आणि शेवटचा पाहुणा बंदराचा. वाढवणला किनाऱ्याजवळ नैसर्गिक खोली आहे, म्हणजे पुन्हा पाणीच! १९९८ मध्ये डहाणू तालुका पर्यावरण संरक्षण प्राधिकरणाने, न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी अध्यक्ष असताना, इथल्या बंदराला नकार दिला होता. त्याच प्राधिकरणाने ३१ जुलै २०२३ रोजी होकार दिला. जून २०२४ मध्ये ७६,२२० कोटींच्या प्रकल्पाला केंद्राची मंजुरी मिळाली आणि ऑगस्टमध्ये पायाभरणी झाली. समुद्रात १,४४८ हेक्टर भराव पडायचा आहे. किल्लेवाल्यांना पाणी वाट म्हणून हवं होतं, अणुकेंद्राला थंडाव्यासाठी, कारखान्यांना मोरी म्हणून. आता पाण्याच्या जागी जमीनच करायची आहे.

गंमत बघा, जुलै २०२३ च्या अखेरीस बंदराला तो होकार मिळाला आणि पुढच्या सप्टेंबरात राज्य सरकारने पापलेटला महाराष्ट्राचा राज्य मासा केलं. मागणी सातपाटीकरांचीच होती, पापलेट वाचावं म्हणून. मान मिळाला याचा आनंद आहे. पण आपल्याकडे एखाद्याचा सत्कार कधी होतो हे सगळ्यांना माहीत आहे...

आता एक विनंती, विशेषतः नातेवाइकांना. मेगावॉट, कोटी लिटर, कोटी रुपये, हेक्टर हे सगळे आकडे कुठल्या ना कुठल्या दप्तरात आहेत. कुठल्या खाडीत कुठल्या तिथीला कुठला मासा यायचा, ओहोटीला टोपली किती वेळात भरायची, कुठल्या खडकावर कालवं धरायची, हे मात्र कुठल्याच दप्तरात नाही. ते फक्त घरातल्या म्हाताऱ्या माणसांच्या डोक्यात आहे, आणि ती माणसं कमी होत चालली आहेत. लवाद असो की सुनावणी, तिथे आठवण चालत नाही, कागद लागतो. 'इथे पूर्वी काय होतं?' असं विचारल्यावर दाखवायला आपल्याकडे काही नसेल, तर इथे काही नव्हतंच असं धरून सगळं पुढे जातं.

तेव्हा या सुट्टीत गावी जाल तर आजीजवळ वही घेऊन बसा. माशांची नावं ती सांगेल तशीच लिहा, पुस्तकातली नकोत. सोबत खाडीचं नाव आणि साधारण साल. बास, एवढंच. बाकीचा इतिहास लिहायला बरेच लोक आहेत.