दोन घोंगड्या

सन १९४६ च्या उन्हाळ्यात तोकियोच्या तोहो चित्रसंस्थेत नव्या नटांची निवड चालली होती. परीक्षकांनी एका तरुणाला फर्मावले, हसून दाखव. हसण्यासारखे काही घडलेच नाही, मग हसू कशाला, असे त्याने उलट विचारले. आमच्या शाळेच्या स्नेहसंमेलनात 'हास' म्हटल्याबरोबर पोरे बत्तीशी दाखवतात. हा गडी त्यातला नव्हता. मग त्याला रागावून दाखवायला सांगितले, आणि तो असा काही खवळला की परीक्षकांपैकी काहीजण बिचकले. हिदेको ताकामिने या नटीने जवळच चित्रण करीत असलेल्या दिग्दर्शक अकिरा कुरोसावाला हा प्रकार बघायला धाडले. पिंजऱ्यातल्या घायाळ श्वापदाप्रमाणे थैमान घालणाऱ्या त्या तरुणावरून आपली नजर हलेना, असे कुरोसावाने पुढे लिहून ठेवले आहे. परीक्षकांचे मत मात्र प्रतिकूल होते. कुरोसावाचे गुरू काजिरो यामामोतो यांनी बाजू घेतली, म्हणून तो तरुण टिकला. त्याचे नाव तोशिरो मिफुने.

हा राग त्याने आणला कोठून?

मिफुनेचा जन्म १९२० साली चीनमधल्या त्सिंगताओ या गावचा. आईबाप जपानी, वडिलांचा फोटो काढण्याचा धंदा. सन १९४० मध्ये सक्तीच्या भरतीत तो लष्करात गेला. मायदेशाचा किनारा त्याने प्रथम पाहिला तो शिपायाच्या वेषात! घरच्या धंद्यामुळे त्याला विमानदलाच्या छायाचित्र विभागात घातले. बढती अशी त्याला मिळालीच नाही. वरिष्ठांच्या तोंडावर बोलायची खोड नडली. युद्धाच्या अखेरीस तो दक्षिणेकडे कुमामोतोच्या तळावर होता. तेथून आत्मघातकी हल्ल्यांसाठी कोवळी पोरे विमानात बसून जात, ती परत यायची नसतच. त्यांना निरोप द्यायची वेळ मिफुनेवर येई. जाताना सम्राटाचा जयजयकार करू नका, आईला हाक मारा, असे आपण त्यांना सांगत असू, असे तो पुढे घरच्यांना सांगे. लष्कराच्या कडक शिस्तीत हे बोलणे केवढे धाडसाचे, ते वाचकांनीच ताडावे.

युद्ध संपले तेव्हा इतक्या वर्षांच्या चाकरीबद्दल त्याच्या पदरात काय पडले? दोन लष्करी घोंगड्या. त्यांचाच त्याने कोट आणि विजार शिवली. तोहोच्या दारात तो आला होता छायालेखकाच्या हाताखाली काम मिळते का ते पाहायला. उभा राहिला नटांच्या रांगेत.

सन १९४८ च्या 'दारुड्या देवदूत' या चित्रपटात कुरोसावाने त्याला क्षयाने पोखरलेल्या एका गुंडाचे काम दिले, आणि तेथून दोघांची जोडी जमली. एखादा भाव दाखवायला इतर नटाला दहा फूट फिल्म लागत असेल तर मिफुनेला तीनच फूट पुरत, असे कुरोसावा म्हणे.

पण माझ्या मते त्याच्या अंतरीची खूण पटते ती पुढच्याच वर्षीच्या 'भटका कुत्रा' या चित्रपटात. भर उन्हाळ्यात, खच्चून भरलेल्या बसमध्ये मुराकामी नावाच्या तरुण पोलिसाचे पिस्तूल चोरीला जाते. आत सात गोळ्या. ते पिस्तूल युसा नावाच्या दुसऱ्या तरुणाच्या हाती पडते आणि माणसे मरू लागतात. पिस्तुलाच्या शोधात मुराकामी जुना लष्करी पोषाख चढवून काळ्याबाजारात वणवण भटकतो. (या दृश्यांत काही ठिकाणी दिसणारे पाय आणि पाठ मिफुनेची नाही, सहायक दिग्दर्शक इशिरो होंडाची आहे, तोही चीनमध्ये वर्षानुवर्षे राबून परतलेला शिपाईच!) मग कळते की युद्धावरून परतताना दोघांच्याही पाठपिशव्या चोरीला गेल्या होत्या. एकाने त्या चिडीतून चोरीची वाट धरली. दुसराही त्याच वाटेच्या तोंडाशी उभा होता, पण वळला आणि पोलिसात गेला. अनुभवी वरिष्ठ त्याला समजावतो की चोराची कीव करू नकोस. मुराकामीला ते पटत नाही, आणि मिफुनेच्या चेहऱ्याकडे पाहिले की त्याला ते का पटत नाही हे शब्दांवाचून कळते. शेवटी चिखलात झटापट होऊन दोघे रानफुलांत शेजारी-शेजारी पडतात, धापा टाकीत, सारखेच माखलेले. पलीकडून शाळकरी पोरे गाणे म्हणत जातात आणि चोर हंबरडा फोडतो.

कोणी म्हणेल, नट तो नट, सैन्यात न जाताही त्याने हे केले असते. असेलही. खुद्द कुरोसावा कधी सैन्यात गेला नव्हता. तपासणीतच त्याला नापास ठरवले होते. पण त्या धापा टाकणाऱ्या देहाला पाठपिशवीचे ओझे ठाऊक होते, एवढे मला कबूल करावेच लागते.

पुढे कीर्ती आली. व्हेनिसच्या महोत्सवात १९६१ आणि १९६५ अशी दोनदा उत्कृष्ट नटाची निवड झाली. आणि १९६७ साली 'जपानचा सर्वांत दीर्घ दिवस' या चित्रपटात ज्याला लष्कराने कधी वर चढू दिले नाही तो मिफुने युद्धमंत्री जनरल अनामी झाला! १५ ऑगस्ट १९४५ च्या पहाटे शरणागतीची घोषणा व्हायच्या आत अनामीने आपल्या निवासस्थानी पोट फाडून घेतले. मिफुने तो प्रसंग आरडाओरडा न करता, बारीक चेहऱ्याने, संथपणे करतो. तोहोच्या दारातला तो राग कोठेच दिसत नाही. खऱ्या त्या पहाटे तो स्वतः दूर कुमामोतोच्या तळावर होता, आणि त्या घोंगड्या अजून त्याच्या हाती यायच्या होत्या.