इलेक्ट्रॉनिक पारेषणावरील सीमाशुल्क-स्थगिती आणि भारताचा व्यापारी राजनय (१९९८ ते २०२४)

प्रस्तावना

सीमेवरून जाणाऱ्या मालावर जकात घेणे हा राज्यसंस्थेचा फार जुना अधिकार आहे. जुन्नरजवळच्या नाणेघाटात आजही एक मोठा दगडी रांजण दाखवला जातो आणि सातवाहनकाळात त्यात जकातीची नाणी टाकली जात, असे परंपरा सांगते. माल घाटातून वा बंदरातून आला पाहिजे, हे त्या अधिकाराचे गृहीतक होते. विसाव्या शतकाच्या अखेरीस कोणत्याही घाटातून वा बंदरातून न येणारा माल जगाच्या बाजारात आला. संगणकप्रणाली, संगीत, चित्रपट, पुस्तके यांची देवघेव तारेतून होऊ लागली. अशा मालावर जकात घ्यावी काय, या प्रश्नाला जागतिक व्यापार संघटनेने १९९८ मध्ये 'तूर्त नाही' असे उत्तर दिले. हे 'तूर्त' पुढे पंचवीस वर्षांहून अधिक काळ टिकले. ते कसे टिकले आणि त्यात भारताची भूमिका कशी बदलत गेली, याचा शोध घेणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

ऐतिहासिक पूर्वपीठिका

संदेशवहन हा राजनयाचा विषय होणे नवे नाही. १७ मे १८६५ रोजी पॅरिस येथे आंतरराष्ट्रीय तार संघाची स्थापना झाली. एका देशाची तार दुसऱ्या देशातून जाताना कोणी किती आकार घ्यावा, हा त्या काळातील वाटाघाटींचा एक प्रमुख विषय होता. भारत १८६९ पासून या संघाचा सदस्य आहे. १८७० मध्ये समुद्राखालील तारेने मुंबई एडन व सुएझमार्गे लंडनशी जोडली गेली आणि कापसाच्या व्यापाऱ्याला लिव्हरपूलचा भाव कळण्यासाठी आगबोटीची वाट पाहण्याची गरज उरली नाही. मात्र भारताच्या वतीने बोलणारे ब्रिटिश सरकारचे अधिकारी होते. तार मुंबईच्या किनाऱ्यावर आली, तरी तिच्या नियमांवर येथील लोकांचा अधिकार नव्हता. स्वतंत्र भारताच्या डिजिटल व्यापारनीतीचा विचार करताना ही पार्श्वभूमी ध्यानात घेणे आवश्यक ठरते.

१९९८ चा निर्णय

अमेरिकेच्या क्लिंटन प्रशासनाने जुलै १९९७ मध्ये इलेक्ट्रॉनिक वाणिज्याविषयीचे आपले धोरण जाहीर केले. इंटरनेट हे शुल्कमुक्त क्षेत्र असावे, हे त्याचे एक सूत्र होते. पुढील वर्षी जिनिव्हा येथे भरलेल्या जागतिक व्यापार संघटनेच्या दुसऱ्या मंत्रिपरिषदेने २० मे १९९८ रोजी जागतिक इलेक्ट्रॉनिक वाणिज्यविषयक घोषणापत्र स्वीकारले. इलेक्ट्रॉनिक पारेषणावर सीमाशुल्क न लावण्याची प्रचलित प्रथा सदस्य देश चालू ठेवतील, असे त्यात म्हटले होते. २५ सप्टेंबर १९९८ रोजी संघटनेच्या सर्वसाधारण परिषदेने या विषयाच्या अभ्यासासाठी कार्यक्रम आखला आणि वस्तुव्यापार, सेवाव्यापार, बौद्धिक संपदा व विकास या विषयांच्या चार मंडळांकडे तो सोपवला.

त्या वेळी विकसनशील देशांना या निर्णयात फारसा धोका दिसला नाही, याचे कारण उघड आहे. भारतात विदेश संचार निगमने सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सेवा सुरू केली ती १५ ऑगस्ट १९९५ रोजी. संगणकप्रणाली बहुधा फ्लॉपी वा सीडीवर येत असे आणि चित्रपट रिळांच्या डब्यांतून. जो महसूल अद्याप मिळतच नव्हता, तो सोडण्यात काही गमावल्याची जाणीव होणे शक्य नव्हते.

अपरिभाषित संज्ञेचा प्रश्न

'इलेक्ट्रॉनिक पारेषण' म्हणजे नेमके काय, हे १९९८ च्या घोषणापत्राने सांगितले नाही. तारेतून होणारे वहन एवढाच त्याचा अर्थ घ्यावा, की त्या वहनातून येणारा आशयही त्यात धरावा? पहिला अर्थ घेतल्यास सूट अल्प ठरते. दुसरा घेतल्यास पूर्वी वस्तू म्हणून सीमा ओलांडणारे पुस्तक, गीत व चित्रपट हे सारेच जकातीच्या बाहेर जातात. शिवाय असा आशय वस्तू मानला तर त्याला वस्तुव्यापाराचे नियम लागू होतात आणि सेवा मानली तर सेवाव्यापाराचे. या दोन करारांतील देशांची बंधने भिन्न आहेत.

भारतातील न्यायालयांपुढेही हा पेच वेगळ्या संदर्भात आला. टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेस विरुद्ध आंध्र प्रदेश राज्य या खटल्यात २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, माध्यमावर नोंदवून विकलेली तयार संगणकप्रणाली ही विक्रीकरासाठी 'वस्तू' ठरते, असा निर्णय दिला. मात्र तीच प्रणाली सीडीऐवजी तारेतून परदेशातून आली तर सीमाशुल्काच्या दृष्टीने तिचे स्वरूप काय, हा प्रश्न जिनिव्हातील चर्चेत अनिर्णीतच होता. इंडोनेशियाने २०१८ मध्ये आपल्या शुल्कसूचीत अमूर्त डिजिटल वस्तूंसाठी स्वतंत्र प्रकरण घातले आणि दर शून्य ठेवला. त्यातून महसूल येणार नव्हता. परंतु आशयावर शुल्क लावण्याचा आपला अधिकार शाबूत आहे, हे त्या देशाने कागदावर नोंदवून ठेवले.

नूतनीकरणाची परंपरा

१९९९ ची सिॲटल परिषद निष्फळ ठरली. त्यानंतर २००१ मध्ये दोहा येथे स्थगितीस पुन्हा मान्यता मिळाली. पुढे हाँगकाँग (२००५), जिनिव्हा (२००९ व २०११), बाली (२०१३), नैरोबी (२०१५) आणि ब्युनोस आयर्स (२०१७) येथे तिचे नूतनीकरण होत गेले. यामागे एक देवघेवही होती. बौद्धिक संपदा करारात, कराराचा प्रत्यक्ष भंग झालेला नसतानाही अपेक्षित लाभ हिरावल्याची तक्रार करण्याच्या तरतुदीला स्थगिती होती. औषधांच्या प्रश्नामुळे ही दुसरी स्थगिती भारतासारख्या देशांना हवी होती. दोन्ही स्थगित्या बहुधा जोडीनेच वाढवल्या गेल्या. एकीचा आग्रह विकसित देशांनी धरावा आणि दुसरीचा विकसनशील देशांनी, असा हा समतोल होता.

भारताची भूमिका : दोन बाजू

भारताची स्थिती इंडोनेशिया वा दक्षिण आफ्रिकेहून निराळी आहे. १९९० च्या दशकापासून पुणे, बंगळूर, मुंबई येथील संगणक-अभियंत्यांचे काम उपग्रह व समुद्रतारांद्वारे परदेशी ग्राहकांकडे जात आहे. सीमाशुल्काचा अडसर नसणे या निर्यातीच्या पथ्यावर पडले. दुसऱ्या बाजूला, परदेशी मनोरंजन, खेळ व प्रणाली यांची डिजिटल आयातही वाढत गेली. २०१८ पासून भारत व दक्षिण आफ्रिका यांनी संयुक्त निवेदनांद्वारे स्थगितीच्या फेरविचाराची मागणी केली. संयुक्त राष्ट्रांच्या व्यापार व विकास परिषदेने २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका शोधनिबंधात संभाव्य महसुली हानी वर्षाला १० अब्ज डॉलरहून अधिक आणि तिचा फार मोठा भाग विकसनशील देशांचा, असा अंदाज मांडण्यात आला. आर्थिक सहकार्य व विकास संघटनेच्या अभ्यासकांनी मात्र ही हानी अल्प असल्याचे प्रतिपादन केले. दोहोंतील अंतराचे एक मोठे कारण पुन्हा व्याख्येतच आहे. काय मोजायचे हे ठरले नसेल, तर किती हे ठरणार कसे?

स्थगितीचे समर्थक असे म्हणतात की, देशांतर्गत करांचा मार्ग मोकळाच आहे. हे अंशतः खरे आहे. भारतात परदेशी डिजिटल सेवांवर वस्तू व सेवा कर लागू आहे. परंतु समकरण शुल्काचा इतिहास वेगळेही काही सांगतो. भारताने २०१६ मध्ये परदेशी कंपन्यांच्या ऑनलाइन जाहिरात-उत्पन्नावर ६ टक्के व २०२० मध्ये परदेशी ई-वाणिज्य कंपन्यांवर २ टक्के शुल्क बसवले. अमेरिकेने जून २०२० मध्ये चौकशी आरंभली, जानेवारी २०२१ मध्ये २ टक्क्यांचे शुल्क भेदभावमूलक ठरवले आणि भारतीय मालावर वाढीव आयातशुल्काचा इशारा दिला. नोव्हेंबर २०२१ मध्ये उभय देशांत तडजोड झाली. २ टक्के शुल्क १ ऑगस्ट २०२४ पासून आणि ६ टक्के शुल्क १ एप्रिल २०२५ पासून रद्द झाले. देशांतर्गत कराचा अधिकारही वाटाघाटीच्या मेजावर येतो, हे यातून स्पष्ट होते.

बहिष्कार आणि त्याची मर्यादा

ब्युनोस आयर्स येथे काही सदस्यांनी ई-वाणिज्यावर स्वतंत्र चर्चेचा मार्ग धरला. जानेवारी २०१९ मध्ये ७६ सदस्यांनी त्या वाटाघाटींना आरंभ करण्याचे जाहीर केले. भारत त्यात सामील झाला नाही. जून २०१९ च्या ओसाका परिषदेत जपानने पुढे मांडलेल्या मुक्त माहितीप्रवाहाच्या घोषणेवरही भारताने स्वाक्षरी केली नाही. फेब्रुवारी २०२१ मध्ये भारत व दक्षिण आफ्रिकेने अशा गटचर्चांच्या वैधतेवरच प्रश्न उपस्थित केला. सर्वसहमतीवर चालणाऱ्या संस्थेत काहींनी सर्वांसाठी नियम घडवू नयेत, हा आक्षेप सबळ होता. ऑक्टोबर २०२३ मध्ये खुद्द अमेरिकेनेच मुक्त माहितीप्रवाहाविषयीच्या काही मागण्यांना दिलेला पाठिंबा काढून घेतला, तेव्हा सावधगिरी ही केवळ भारताचीच वृत्ती नव्हती हे दिसून आले. तथापि, जुलै २०२४ मध्ये त्या गटाने कराराचा मसुदा प्रसिद्ध केला आणि सहभागी देशांनी परस्परांच्या पारेषणावर सीमाशुल्क न लावण्याची तरतूद त्यात आली. तो भारताच्या अनुपस्थितीत घडला. दरम्यान भारताने संयुक्त अरब अमिरातीशी (२०२२) आणि ब्रिटनशी (२०२५) केलेल्या करारांत डिजिटल व्यापाराचे प्रकरण स्वीकारले.

अबू धाबी येथील तेराव्या मंत्रिपरिषदेत मार्च २०२४ मध्ये स्थगिती पुन्हा वाढवण्यात आली. पण या वेळी तिला अंतिम मुदत घालण्यात आली : चौदावी मंत्रिपरिषद किंवा ३१ मार्च २०२६, यांपैकी जे आधी येईल ते. त्या दिवशी स्थगिती संपुष्टात येईल, असेही निर्णयात नमूद झाले.

निष्कर्ष

१. १९९८ ची स्थगिती कायम स्वरूपाच्या करारामुळे टिकली नाही. प्रत्येक परिषदेत ती मोडण्याची जबाबदारी कोणी घ्यावी, या संकोचामुळे टिकली. राजनयात तात्पुरती तडजोड पुष्कळदा कायमच्या बंधनाहून चिवट ठरते.

२. या प्रकरणातील खरा संघर्ष शुल्काच्या दराविषयी नसून संज्ञेच्या व्याख्येविषयी आहे. संज्ञा मोघम राहिली, याचा लाभ डिजिटल आशयाच्या मोठ्या निर्यातदारांना अधिक झाला.

३. भारत सेवांचा निर्यातदार आणि आशयाचा आयातदार, अशा दुहेरी भूमिकेत आहे. त्यामुळे केवळ विरोध वा केवळ संमती त्याच्या हिताची नाही. वहन व आशय यांत भेद करणारी स्वतःची व्याख्या मांडणे आणि जेथे मसुदा लिहिला जातो तेथे उपस्थित राहणे, हा प्रस्तुत लेखकाच्या मते अधिक हितावह मार्ग ठरतो.

१८७० मध्ये तार मुंबईला पोहोचली तेव्हा तिचे नियम इतरांनी केले, कारण आपल्याला तेथे स्थान नव्हते. आज स्थान आहे. ते रिकामे ठेवल्यास त्याचा दोष परसत्तेवर टाकता येणार नाही.