हलत्या मस्तकाचें मापन

छायाचित्रकारासमोर बसलेल्या मनुष्यानें मान हलविली, तर चित्र बिघडलें हें पाहणारास तत्काळ कळतें. मेंदूच्या चुंबकीय चित्रणांत मात्र हा बिघाड पुष्कळदां दिसत नाहीं. तो आंकड्यांत मुरतो आणि शोध म्हणून मिरवतो.

मेंदूचा एखादा भाग कामास लागला कीं तेथील रक्तांतील प्राणवायूचें मान बदलतें. सेइजी ओगावा यांनीं १९९० मध्यें उंदरांत दाखविलेला हा परिणाम १९९२ मध्यें मनुष्याच्या मेंदूंतहि टिपण्यांत आला. परंतु हा फरक शेंकडा एक-दोन इतकाच. आणि डोकें अर्धा मिलिमीटर सरकलें, तरी मेंदूच्या कडेशीं याहून मोठा फरक पडतो. म्हणून प्रत्येक चित्र पहिल्याशीं जुळवून घेण्याची रीत पडली. डोकें न वांकणारी वस्तु मानावयाचें, आणि तीन दिशांनीं सरकणें व तीन अक्षांभोंवतीं वळणें अशा सहा संख्यांनीं त्याचें स्थान सांगावयाचें. एवढ्यानें भागत नाहीं, हें कार्ल फ्रिस्टन व त्यांचे सहकारी यांनीं १९९६ मध्यें दाखविलें. चित्र मूळ जागीं आणलें तरी मागील हालचालीचा ठसा पुढील चित्रांत उरतोच. तो हिशेबानें वजा करावा लागतो.

खरा धक्का पुढें बसला. मूल वाढतें तसे मेंदूंतील जवळच्या भागांचे संबंध सैल होतात व दूरचे दृढ होतात, असें अमेरिकेंतील सेंट लुई येथील वॉशिंग्टन विद्यापीठाच्या संशोधकांनीं प्रसिद्ध केलें होतें. २०१२ मध्यें तेथीलच जोनाथन पॉवर, स्टीव्हन पीटरसन प्रभृतींनीं दाखवून दिलें कीं डोक्याच्या बारीक हालचालीनेंहि जवळचे संबंध फुगतात व दूरचे दुबळे भासतात. आणि मुलें मोठ्यांहून अधिक चुळबुळ करतात, हें कळावयास यंत्र कशाला हवें? त्यांनीं लागोपाठच्या दोन चित्रांमधील सर्व हालचालींची बेरीज केली. वळणांचें अंतर ५० मिलिमीटर त्रिज्येच्या गोलावर मोजलें. बेरीज अर्ध्या मिलिमीटरपलीकडे गेली आणि तेजहि मर्यादेबाहेर बदललें, अशीं चित्रें त्यांनीं गाळलीं. तेव्हां पूर्वींचे निष्कर्ष बदलावे लागले. आपल्याच घरच्या सिद्धान्तावर असा हात टाकणें सोपें नव्हे.

या उपायाला किंमत आहे. ज्या रोग्यांस स्थिर पडून राहणें अशक्य, त्यांचींच चित्रें अधिक गाळलीं जातात. आणि पुष्कळदां त्यांच्याच मेंदूविषयीं जाणून घ्यावयाचें असतें.