परवाना : एका कथेचा आणि एका हक्काचा इतिहास

फारसी भाषेत ‘परवाना’ या शब्दाचे दोन अर्थ आहेत. दिव्यावर झेप घेणारा पतंग हा एक आणि अनुज्ञापत्र हा दुसरा. यांपैकी दुसरा अर्थ कचेऱ्यांच्या वाटेने मराठीत आला व येथेच रुळला. कॅनडातील लेखिका डेबोरा एलिस यांनी २००० साली प्रसिद्ध केलेल्या ‘द ब्रेडविनर’ या बालकादंबरीच्या ११ वर्षांच्या नायिकेचे नाव परवाना आहे. लेखिकेच्या मनात कदाचित पतंगच असेल. परंतु आमच्यासारख्या वकिली पेशातील वाचकास तो कचेरीतला अर्थ आठवल्यावाचून राहत नाही. कारण या मुलीची सारी कथा म्हणजे कोणाच्याही परवान्याविना उंबरठा ओलांडल्याची कथा होय. पुस्तकाचा मराठी अनुवादही झालेला आहे, तेव्हा आमच्या वाचकांपैकी काहींच्या घरी ते असेलच.

२७ सप्टेंबर १९९६ रोजी तालिबानने काबूल ताब्यात घेतले आणि मुलींच्या शाळांना कुलपे लागली. पुरुष सोबत असल्यावाचून स्त्रीने रस्त्यावर दिसू नये, असे फर्मान निघाले. परवानाचे वडील शिक्षक. शाळेवर बॉम्ब पडून त्यांचा एक पाय गेलेला. आता ते बाजारात सतरंजी पसरून निरक्षरांची पत्रे वाचून देतात व लिहून देतात. विलायतेत शिकून आल्याच्या अपराधाबद्दल एके रात्री त्यांना तुरुंगात नेले जाते. मागे राहतात आई, दोन बहिणी, तान्हा भाऊ आणि परवाना. घरात अन्नाचा कण नाही, आणि बाहेर जाऊन तो आणू शकेल असा पुरुष नाही. तेव्हा परवानाचे केस कापले जातात, मृत थोरल्या भावाचे कपडे तिच्या अंगावर चढतात आणि ती वडिलांच्या जागी बाजारात जाऊन बसते.

तेथे एके दिवशी एक तालिबानी सैनिक पत्र घेऊन येतो. त्याला अक्षरओळख नाही. पत्र त्याच्या मृत पत्नीच्या सामानात सापडलेले. परवाना ते वाचून दाखवते आणि त्या दाढीधारी माणसाच्या डोळ्यांतून अश्रू ओघळतात. ज्या राजवटीने हिची शाळा बंद केली, त्या राजवटीचा शिपाई हिच्याच साक्षरतेपुढे हात पसरून बसला आहे, आणि ही मुलगी आहे हे त्याला ठाऊक नाही! संपूर्ण कादंबरीत आम्हांस हा प्रसंग सर्वांत मोलाचा वाटतो. लेखिका येथे उपदेशाचा एक शब्दही बोलत नाही. त्या माणसालाही दुःख असते, एवढेच परवानाला कळते, आणि ते कळल्याने तिची भीती कमी न होता तिचा गोंधळ मात्र वाढतो. मुलांसाठी लिहिणाऱ्याने मुलांच्या बुद्धीवर इतका विश्वास टाकावा, ही सामान्य गोष्ट नव्हे.

आपल्या बालवाङ्मयातील शूर मुलगी बहुधा घोड्यावर बसलेली आणि हाती तलवार घेतलेली असते. झाशीची राणी, ताराराणी, चांदबीबी यांच्याविषयी आमचा आदर कोणाहून कमी नाही. परंतु ते शौर्य वाचून पुस्तक मिटले की मूल आपल्या इयत्तेच्या गृहपाठाकडे वळते. त्या दोहोंचा संबंध त्याला जाणवत नाही. परवानाचे शौर्य ते काय, तर अक्षर वाचता येणे आणि त्या बळावर पाच माणसांची भाकरी मिळवणे. तिच्या थोरल्या बहिणीचे शौर्य म्हणजे घरात चोरून चार मुलींना शिकवणे.

तलवारीची कथा या कादंबरीतही आहे म्हणा. वडील मुलांना मलालाईची गोष्ट सांगतात. २७ जुलै १८८० रोजी कंदाहारजवळ मैवंद येथे इंग्रजांचा पराभव झाला. त्या पराभूत सैन्यात मुंबई इलाख्याच्या पलटणीही होत्या, हे आपल्याकडे फारसे कोणी स्मरत नाही. अफगाण सैन्य डगमगत असता मलालाई नावाच्या तरुणीने आपल्या ओढणीचे निशाण करून त्यांना पुढे काढले, अशी लोककथा आहे. हेच नाव पुढे पाकिस्तानच्या स्वात खोऱ्यात मुलींची शाळा चालविणाऱ्या एका गृहस्थाने आपल्या कन्येला ठेवले. ती मलाला युसुफझाई. ९ ऑक्टोबर २०१२ रोजी शाळेतून परतताना वयाच्या १५ व्या वर्षी तिला गोळी लागली, आणि २०१४ साली तिला शांततेचे नोबेल पारितोषिक मिळाले.

एलिस अफगाण नव्हेत. मग त्यांची साक्ष ग्राह्य कशी, असा आक्षेप घेतला जातो. ऐकीव पुराव्याविषयी आमचा पेशा जात्याच साशंक. तथापि पाकिस्तानातील निर्वासितांच्या छावण्यांत जाऊन त्यांनी अफगाण स्त्रिया व मुली यांच्या मुलाखती घेतल्या होत्या, आणि पुस्तकाचे मानधन त्यांनी अफगाण स्त्रियांच्या शिक्षणकार्यासाठी दिले. शिवाय स्वतंत्र पुष्टीही आहे. हेरात शहरात त्याच काळात शिवणवर्गाच्या नावाखाली स्त्रिया एकत्र जमत आणि टोपलीतल्या कापडाखाली वह्या लपवून साहित्याचे धडे घेत. जनेट विंटर यांचे ‘नसरीन्स सीक्रेट स्कूल’ हे २००९ सालचे चित्रमय पुस्तक हेरातच्याच एका गुप्त शाळेचे आहे.

आता कायद्याकडे वळू. अफगाणिस्तानात मुलींच्या शिक्षणाचा हक्क कोणी लिहूनच ठेवला नव्हता, असा समज असेल तर तो दूर केला पाहिजे. राजा अमानुल्ला व राणी सोराया यांच्या कारकिर्दीत १९२१ साली काबूलमध्ये मुलींची शाळा निघाली. १९२३ च्या राज्यघटनेने प्राथमिक शिक्षण सक्तीचे ठरविले. आपल्याकडे गोखल्यांचे सक्तीच्या शिक्षणाचे विधेयक १९१२ साली ३८ विरुद्ध १३ मतांनी फेटाळले गेले होते. केवळ बडोद्याच्या सयाजीरावांनी १९०६ मध्ये आपल्या राज्यात मुलामुलींसाठी ती सक्ती लागू केली होती. १९२९ साली अमानुल्लांचे सिंहासन गेले आणि मुलींच्या शाळा बंद झाल्या. ते राजदांपत्य मुंबईस आले. तेथे जन्मलेल्या कन्येचे नाव त्यांनी ‘इंडिया’ ठेवले. पुढे शाळा पुन्हा उघडल्या. १९६४ च्या घटनेने शिक्षण हा प्रत्येक अफगाणाचा हक्क असल्याचे नमूद केले, आणि २००४ च्या घटनेच्या ४३ व्या कलमाने तो पदवीपर्यंत विनामूल्य केला. आपल्या १९५० च्या घटनेत मात्र ४५ वे कलम केवळ मार्गदर्शक तत्त्व होते. शिक्षण हा मूलभूत हक्क होण्यास २००२ ची ८६ वी घटनादुरुस्ती यावी लागली.

तरीही काय झाले? १५ ऑगस्ट २०२१ रोजी काबूल पुन्हा तालिबानच्या हाती गेले. सहावीच्या पुढील वर्ग मुलींना बंद झाले. २३ मार्च २०२२ रोजी शाळा उघडणार म्हणून मुली दप्तरे घेऊन गेल्या आणि त्याच दिवशी परत पाठविल्या गेल्या. त्या डिसेंबरात विद्यापीठेही बंद झाली. या बंदीने किमान १४ लक्ष मुली माध्यमिक शिक्षणास मुकल्याचे युनेस्कोने २०२४ साली सांगितले. ८ जुलै २०२५ रोजी आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाने तालिबानच्या सर्वोच्च नेत्यावर व सरन्यायाधीशावर लिंगाधारित छळाबद्दल अटकेची अधिपत्रे काढली. बजावणी कोण करणार, हा प्रश्न वाचकांनी आम्हांस विचारू नये.

हे सारे वाचून आपल्या समाजात कोणी ‘ते लोक तसेच’ म्हणून समाधान मानील, तर त्यास आम्ही पुण्याचे स्मरण देऊ. १८४८ साली सावित्रीबाई फुले शिकवावयास निघाल्या, तेव्हा त्यांच्या अंगावर शेण-माती टाकणारे आपल्याच देवळांत दर्शनास जाणारे होते. त्यांच्या शाळेतील मुक्ता साळवे या मातंग समाजातील १४ वर्षांच्या मुलीचा निबंध १८५५ साली ‘ज्ञानोदया’त छापला गेला. वेद वाचण्याचा अधिकार आम्हांस नाही, तर आमचा धर्म कोणता, असा तिचा आशय होता. त्या प्रश्नाचे उत्तर तेव्हाच्या धर्मपंडितांपैकी कोणी दिल्याचे आमच्या वाचनात नाही.

आणि आजही आपल्या घटनेचे २१-अ कलम ६ ते १४ वर्षे वयापुरतेच आहे. मुक्ताच्या वयाच्या पुढे, म्हणजे नववीत पाऊल टाकणाऱ्या मुलीस शाळा मागण्याचा मूलभूत हक्क हे कलम देत नाही. योजना आहेत, पण योजना म्हणजे हक्क नव्हे. येथे कोणी बंदी घातलेली नाही, एवढाच फरक. आणि तो फार मोठा आहे, हे आम्ही जाणतो. परंतु घरची अडचण आली की पहिली शाळा थोरल्या मुलीची सुटते. आपल्या अनेक देवस्थानांपाशी निधी आहे, आणि शिक्षणास साहाय्य हे धर्मादायाच्या कक्षेत येते, याविषयी कायद्यात शंका नाही. नववी ते बारावीच्या मुलींसाठी त्यातील काही भाग राखून ठेवण्याचा विषय महाजनांच्या येत्या वार्षिक सभेपुढे ठेवता येईल. सूचनेचा मसुदा कोणास हवा असल्यास आम्ही तो विनामूल्य करून देऊ.