पाच विद्यार्थिनींचे विद्यापीठ : हिंगणे, १९१६

१. हिंजवडीच्या माहिती तंत्रज्ञान उद्यानाकडे रोज सकाळी कंपन्यांच्या बस भरून जातात. त्यांतल्या कित्येक अभियंता तरुणी कर्वेनगरमध्ये शिकलेल्या असतात. हिंजवडीपासून हे कर्वेनगर पंधरा-वीस किलोमीटरवर आहे. शंभर वर्षांपूर्वी त्याचे नाव हिंगणे बुद्रुक असे होते. तेथे अवघ्या पाच विद्यार्थिनींवर एक विद्यापीठ उभे राहिले. आजचा धागा त्या छोट्या महाविद्यालयाविषयी. 🧵

२. प्रारंभ थोडा मागून करावा लागेल. धोंडो केशव कर्वे हे फर्ग्युसन महाविद्यालयात गणिताचे प्राध्यापक. पहिल्या पत्नीच्या निधनानंतर १८९३ मध्ये त्यांनी गोदूबाई या विधवेशी विवाह केला. याच पुढे आनंदीबाई कर्वे, म्हणजे सर्वांच्या 'बाया'. गोदूबाई पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनात शिकत होत्या. या विवाहामुळे मुरूड या गावी कर्व्यांवर बहिष्कार पडला.

३. एका विधवेचा विवाह झाला म्हणून हजारोंचा प्रश्न सुटत नाही, हे कर्व्यांनी ओळखले. सर्वच विधवांना पुनर्विवाह नको असे, आणि हवा असला तरी समाज तो करू देत नसे. स्वतःच्या पायांवर उभे राहण्याची सोय मात्र प्रत्येकीला हवी होती. या विचारातून १८९६ मध्ये अनाथ बालिकाश्रम निघाला. पुण्यात प्लेगचा कहर झाल्यावर १९०० मध्ये तो हिंगण्यास हलला. तेथील जागा रावबहादूर गणेश गोविंद गोखले यांनी दिली होती.

४. त्या काळी हिंगणे पुण्यापासून चार मैलांवर होते. आश्रम म्हणजे एक झोपडी. कॉलेजचे काम संपले की कर्वे पायी हिंगण्यास जात आणि तेथे शिकवत. लागणारे सामानही पुष्कळदा स्वतःच वाहून नेत. पावसाळ्यात ही वाट चिखलाची असे. आज त्या बाजूने वाहनांच्या रांगेत अडकलेल्यांनी हे चार मैल क्षणभर आठवावेत.

५. आश्रमातील सर्वांत बोलके उदाहरण पार्वतीबाई आठवले यांचे. त्या बायांच्या भगिनी. लहान वयात वैधव्य आले, पदरी एक मूल होते आणि अक्षरओळख जवळजवळ नव्हती. त्या आश्रमात शिकल्या, पुढे आश्रमाचा कारभार सांभाळू लागल्या आणि निधीसाठी गावोगाव फिरल्या. नंतर त्या अमेरिकेलाही जाऊन आल्या. 'माझी कहाणी' हे त्यांचे आत्मचरित्र.

६. विधवांसाठी आश्रम झाला, पण अविवाहित मुलींचे काय? लवकर लग्न हाच त्यांच्यापुढचा एकमेव मार्ग राहू नये, म्हणून १९०७ मध्ये महिला विद्यालय सुरू झाले. म्हणजे महाविद्यालयाच्या आधी विद्यार्थिनींची एक वाट तयार झाली होती : आश्रम, मग विद्यालय. त्यापुढे काय, हा प्रश्न मात्र अनुत्तरित होता.

७. मुंबई विद्यापीठाची दारे स्त्रियांना बंद नव्हती. त्या विद्यापीठाच्या पहिल्या महिला पदवीधर कॉर्नेलिया सोराबजी पुण्याच्याच डेक्कन कॉलेजात शिकल्या होत्या. पण तेथील शिक्षण इंग्रजीतून चाले. आठव्या-दहाव्या वर्षी लग्न होऊन, वैधव्य येऊन, विशीत अक्षरे गिरवू लागलेल्या स्त्रीने ही इंग्रजी गाठायची कधी? दार उघडे होते, पण उंबरठा तिच्या आवाक्याबाहेर होता.

८. याचे उत्तर मिळाले जपानमधून. नारुसे जिन्झो यांनी १९०१ मध्ये टोकियोत महिला विद्यापीठ स्थापले होते. त्याची माहितीपुस्तिका काशीच्या बाबू शिवप्रसाद गुप्त यांनी कर्व्यांना पाठवली. कर्व्यांनी ती प्रथम बाजूला ठेवून दिली. पुढे राष्ट्रीय सामाजिक परिषदेचे अध्यक्षपद त्यांच्याकडे आले आणि भाषणाची तयारी करताना ती पुन्हा हाती आली. डिसेंबर १९१५ मध्ये मुंबईच्या परिषदेत त्यांनी महिला विद्यापीठाची कल्पना मांडली.

९. अवघ्या सहा महिन्यांत, जून १९१६ मध्ये, विद्यापीठ स्थापन झाले. कुलपती रामकृष्ण गोपाळ भांडारकर, कुलगुरू रँग्लर र. पु. परांजपे. नावे मोठी, तिजोरी रिकामी. सरकारी सनद नव्हती, भव्य इमारत नव्हती. जुलैमध्ये हिंगण्यास महिला पाठशाळा, म्हणजे विद्यापीठाचे पहिले महाविद्यालय, सुरू झाले. विद्यार्थिनी होत्या पाच. कर्व्यांचे वय होते अठ्ठावन्न.

१०. या पाच जणींचे शिक्षण कसे होते? माध्यम मातृभाषा. इंग्रजी भाषा म्हणून अनिवार्य, पण ज्ञानाची किल्ली म्हणून नव्हे. आरोग्यशास्त्र, गृहव्यवस्था, मानसशास्त्र या विषयांना महत्त्वाचे स्थान होते. पदव्यांची नावेही निराळी : 'गृहीतागमा' आणि 'प्रदेयागमा'. गृहीतागमा म्हणजे जिने विद्या ग्रहण केली ती. प्रदेयागमा म्हणजे जिने ती आता इतरांना द्यावी अशी. 'कलेचा कुमार' अशा अर्थाच्या इंग्रजी पदवीपेक्षा ही नावे विद्यार्थिनीला अधिक शोभणारी होती.

११. अडचणी काय असतील याची कल्पना करता येते. महाविद्यालयीन पातळीची मराठी पाठ्यपुस्तके जवळजवळ नव्हतीच. ग्रंथ इंग्रजी आणि विवेचन मराठी, अशा स्थितीत अध्यापक आणि विद्यार्थिनी या दोघांनाही परिभाषा घडवतच पुढे जावे लागणार. ज्या वर्गात पाचच जणी आहेत, तेथे मागच्या बाकावर लपण्याचीही सोय नसते.

१२. आता खरा वादाचा मुद्दा. या पदवीला सरकारची मान्यता नव्हती. सनातन्यांचा आक्षेप तर स्त्रियांच्या उच्च शिक्षणालाच होता. पण काही सुधारकांचा आक्षेप अधिक बोचरा होता : स्त्रियांसाठी वेगळा अभ्यासक्रम म्हणजे दुय्यम अभ्यासक्रम नव्हे काय? गृहव्यवस्था शिकवून तुम्ही तिला पुन्हा स्वयंपाकघरातच पाठवत नाही काय?

१३. हा आक्षेप आजही हसण्यावारी नेण्यासारखा नाही. कर्व्यांची भूमिका अशी होती की, ज्यांना पुरुषांच्या बरोबरीने प्रचलित विद्यापीठात शिकता येते त्यांनी अवश्य शिकावे. पण ज्या बहुसंख्य स्त्रियांना ते शक्य नाही त्यांना काहीच न देणे हा न्याय नव्हे. आदर्श समतेची वाट पाहत एक संपूर्ण पिढी निरक्षर ठेवायची की अपुरी का होईना, वाट आज उघडायची, असा हा पेच होता.

१४. आणखी एक मर्यादा स्पष्ट सांगितली पाहिजे. आश्रमातील आरंभीच्या स्त्रिया मुख्यतः ब्राह्मण कुटुंबांतल्या होत्या. सावित्रीबाई आणि जोतीराव फुले यांनी १८४८ मध्ये पुण्यात मुलींची शाळा काढली, तेव्हा जातीच्या भिंतीला थेट हात घातला होता. हिंगण्याचे कार्य मोठे होते, पण त्याचे अंगण प्रारंभी अरुंद होते. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात.

१५. मग त्या अमान्य पदवीचे मोल काय? एक उदाहरण पाहा. कमलाबाई देशपांडे या न. चिं. केळकरांच्या कन्या. लहान वयात वैधव्य आले. त्या याच विद्यापीठाच्या पदवीधर झाल्या. नंतर त्यांनी युरोपातील प्राग येथे डॉक्टरेट मिळवली आणि परत येऊन स्त्रीशिक्षणाच्याच कार्यात आयुष्य घातले. 'स्मरणसाखळी' हे त्यांचे आत्मकथन. 'प्रदेयागमा' या शब्दाचा अर्थ अशा आयुष्यांतून कळतो.

१६. १९२० मध्ये सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी पंधरा लाख रुपयांची देणगी दिली. त्यांच्या मातोश्रींच्या नावावरून विद्यापीठ 'श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी' झाले, म्हणजेच आजचे एस.एन.डी.टी. मुख्यालय १९३६ मध्ये मुंबईस गेले. कायद्याची मान्यता मिळाली ती स्वातंत्र्यानंतर, १९५१ मध्ये. म्हणजे पस्तीस वर्षे विद्यार्थिनी अशा पदवीसाठी शिकत होत्या, जिला सरकारदरबारी किंमत नव्हती.

१७. हे वाक्य पुन्हा वाचावे असे आहे. नोकरीची हमी नाही, समाजाची शाबासकी नाही, सरकारचा शिक्का नाही. तरीही त्या आल्या. इतिहासात संस्थापकांची नावे राहतात आणि पुतळेही त्यांचेच होतात. कर्व्यांना १९५८ मध्ये, वयाच्या शंभराव्या वर्षी, भारतरत्न मिळाले. ते योग्यच होते. पण त्या वर्गात प्रथम येऊन बसण्याचा धोका ज्यांनी पत्करला, त्या पाच जणींखेरीज हे विद्यापीठ केवळ कागदावर राहिले असते.

१८. हिंगण्याच्या त्याच भूमीवर, कर्व्यांनी लावलेल्या संस्थेच्या वतीने, १९९१ मध्ये मुलींसाठी अभियांत्रिकी महाविद्यालय सुरू झाले. जेथे 'गृहव्यवस्था की गणित' असा वाद होता, तेथे आज मुली संगणकशास्त्र शिकतात आणि हिंजवडीची बस पकडतात. सुधारकांच्या त्या बोचऱ्या आक्षेपाला मिळालेले हे उत्तर आहे. ते उशिरा आले, पण त्याच मातीतून आले.

१९. आपल्या घरात पणजीची किंवा आजीची एखादी जुनी पेटी असेल, तर एकदा उघडून पाहा. त्यात 'जी. ए.' असे लिहिलेला पिवळट कागद सापडला, तर तो रद्दीत देऊ नका. तो कागद म्हणजे कुणाच्याही मान्यतेविना मिळवलेली एक पदवी आहे.

धागा समाप्त. 🙏