पहिली ३० किलोमीटरची धाव: घरी परतल्यावर काय पाहावे

मुंबई मॅरेथॉन साधारणपणे जानेवारीच्या तिसऱ्या रविवारी असते. त्याआधी तीन-चार आठवडे, म्हणजे डिसेंबरमध्ये, पहिल्यांदाच ४२.१९५ किमी धावणारे लोक एकदा ३० किंवा ३२ किमीचा सराव करतात. माझगावातून पहाटे पाचला निघायचे, सीएसएमटी, मरीन ड्राइव्ह, पेडर रोडचा चढ, हाजी अली करत वरळी सी फेसपर्यंत जायचे आणि त्याच वाटेने परत यायचे, की अंतर जवळपास भरते. शर्यतीच्या दिवशी वाटेवर डॉक्टर आणि रुग्णवाहिका असतात. सरावाच्या दिवशी असतात ते घरचेच. म्हणून हा लेख घरच्यांनीही वाचावा.

३० किमीलाच दम का संपतो?

स्नायू आणि यकृत मिळून साधारण ४०० ते ५०० ग्रॅम ग्लायकोजेन साठवतात. त्यातून १,६०० ते २,००० कॅलरी मिळतात. धावताना दर किलो वजनामागे दर किलोमीटरला सुमारे १ कॅलरी लागते. ६० किलोच्या माणसाला ३० किमीसाठी १,८०० कॅलरी लागल्या, म्हणजे साठा तळाला गेला. शरीर चरबीही जाळत असते, पण तिच्यातून ऊर्जा सावकाश मिळते. पाय जड होणे, चिडचिड, रडू येणे हे सारे त्यातलेच. दर तासाला ३० ते ६० ग्रॅम कर्बोदके पोटात गेली तर हे पुढे ढकलता येते. एका मध्यम केळ्यात साधारण २५ ग्रॅम असतात. खजूर, चिक्कीही चालते. जे शर्यतीत खाणार, तेच सरावात खाऊन पाहा.

काय झाले तर घाबरू नये

थांबल्यावर एकदम डोळ्यांपुढे अंधारी येणे बऱ्याचदा दिसते. धावताना पोटऱ्यांचे स्नायू रक्त वर ढकलत असतात; माणूस अचानक उभा राहिला की रक्त पायांत साचते आणि रक्तदाब उतरतो. आडवे करून पाय उशीवर ठेवावेत. पाच-दहा मिनिटांत तरतरी येते. म्हणून बिल्डिंगच्या दाराशी पोहोचल्यावर लगेच न बसता दहा मिनिटे चालावे.

मांड्या दुखणे दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी वाढते आणि जिना उतरताना जास्त जाणवते. हे स्नायूंचे दुखणे आहे, आपोआप जाते. मात्र नडगीवर बोटाने दाबल्यावर एकाच जागी कळ येत असेल आणि त्या पायावर उडी मारता येत नसेल, तर हाडाला बारीक चीर असू शकते. धावणे थांबवून तपासून घ्यावे.

पाणी: कमी पडण्याइतकेच जास्त होण्याचेही भय

माणूस घामाघूम होऊन आला की घरचे तांब्यावर तांब्या पाणी पाजतात. हेतू चांगला असला तरी इथे सावध राहायला हवे. चार-पाच तास घामातून मीठ जात असते आणि शरीर लघवी रोखून धरत असते. अशात भरमसाट पाणी प्यायले तर रक्तातले सोडियम उतरते आणि मेंदूला सूज येऊ शकते. २००२ च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये ४८८ धावपटूंचे रक्त शेवटच्या रेषेवर तपासले, तेव्हा १३ टक्क्यांचे सोडियम १३५ किंवा त्याहून कमी निघाले. तिघांचे तर १२० किंवा खाली होते, म्हणजे जिवावर बेतण्याइतके. हा धोका सर्वांत जास्त होता तो धावताना वजन वाढलेल्यांना.

त्यामुळे घरचा वजनकाटा उपयोगी पडतो. निघण्यापूर्वी आणि परतल्यावर, घाम पुसून, कमीत कमी कपड्यांत वजन करा. ७० किलोच्या माणसाचे एक-दीड किलो घटणे ठीक आहे. वजन वाढले असेल, बोटांतली अंगठी घट्ट झाली असेल, डोके दुखत असेल, मळमळत असेल, तर पाणी थांबवा. माणूस शुद्धीवर असेल तर खारे काहीतरी खायला द्या आणि लघवी होईपर्यंत थांबा. उलट्या सुरू झाल्या, बोलणे असंबद्ध झाले किंवा झटका आला, तर थेट मोठ्या रुग्णालयात न्या. भायखळ्याचे जे. जे. रुग्णालय माझगावपासून जवळ आहे. अशा वेळी ‘थकलाय, एक सलाईन लावून घेऊ’ म्हणून कोपऱ्यावरच्या दवाखान्यात जाऊ नये. सोडियम न तपासता चढवलेले साधे सलाईन घात करू शकते. ‘आधी सोडियम बघा’ असे घरच्यांनी स्वतःहून सांगावे, ‘किती पाणी प्यायला’ हेही सांगावे.

बाकी वेळी नियम सोपा: तहानेप्रमाणे प्यावे. ओआरएसचे पाकीट त्यावर लिहिलेल्या मापाच्या पाण्यातच विरघळवावे.

उष्माघात हिवाळ्यातही होतो

मुंबईची हवा दमट असल्याने घाम सुकत नाही आणि अंग थंड होत नाही. डिसेंबरात उशिरा निघालेल्या माणसालाही तडाखा बसू शकतो. उष्माघातात घाम बंद होतो असा समज आहे. धावणाऱ्यांच्या बाबतीत तो खोटा आहे. अंग ओलेचिंब असू शकते. खूण असते ती वागण्यात: तोल जाणे, घरचा पत्ता न आठवणे, विनाकारण भांडणे. आतले तापमान ४० अंशांवर गेलेले असते, पण काखेतला थर्मामीटर ते कमीच दाखवतो. त्यावर विसंबू नका.

आधी थंड करायचे, मग न्यायचे. १०८ ला फोन करून माणसाला नळाखाली बसवा, बादल्या ओता, पंखा लावा, ओल्या चादरीत बर्फ गुंडाळून मान, काखा, जांघा यांवर ठेवा. (भाऊच्या धक्क्याशेजारी राहणाऱ्यांना बर्फाची वाण नसावी.) पहिल्या अर्ध्या तासात तापमान उतरले तर बहुतेक जण वाचतात.

हृदय

थांबल्यानंतर आलेली चक्कर बहुधा साधी असते. पळता पळता आलेली बेशुद्धी मात्र हृदयाचीच समजून चालावे. छातीवर दाब, जबड्यात किंवा डाव्या हातात कळ असेल तर आराम करून वाट पाहू नका. अमेरिकेत २००० ते २०१० दरम्यान मॅरेथॉन आणि अर्धमॅरेथॉन धावलेल्या १ कोटी ९ लाख लोकांत हृदय बंद पडण्याच्या ५९ घटना नोंदल्या गेल्या, म्हणजे सुमारे १ लाख ८४ हजारांत एक. धोका लहान आहे. पण चाळिशी ओलांडली असेल, मधुमेह, रक्तदाब किंवा घरात कमी वयात हृदयविकार असेल, तर ३० किमीच्या आधी डॉक्टरांना भेटा. इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या काही गोळ्या चालू असतील तर त्या रात्रीही साखर खाली जाऊ शकते, झोपण्यापूर्वी तपासा.

वेदनाशामक गोळ्या आणि लघवीचा रंग

धावण्याआधी, धावताना आणि लगेच नंतर आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक घेऊ नका. मूत्रपिंडांकडे जाणारे रक्त आधीच कमी झालेले असते, या गोळ्या ते आणखी घटवतात. लघवी कोऱ्या चहासारखी किंवा कोलासारखी गडद झाली, किंवा सात-आठ तास झालीच नाही, तर स्नायू तुटून त्यांतला प्रथिनांचा अंश मूत्रपिंडांत अडकत असू शकतो. त्याच दिवशी तपासणी हवी.

रक्ततपासणी त्याच आठवड्यात नको

कंपनीचे किंवा विम्याचे हेल्थ चेकअप नेमके सोमवारी ठेवलेले असते आणि मग घरात धावपळ उडते. लांब धावेनंतर सीके कित्येक पट वाढते, एसजीओटीही वाढते, क्रिएटिनिन थोडे वर जाते, लघवीत रक्तपेशी दिसतात. एसजीओटी स्नायूंतूनही येते, त्यामुळे यकृत बिघडले असे लगेच मानू नये. तक्रार काही नसेल तर तपासणी आठवडाभर पुढे ढकला. ढकलता येत नसेल तर ‘रविवारी ३० किमी धावलो’ हे तपासणीच्या अर्जावर लिहा.