खोट्या माशीची कुळकथा

आपल्याकडे गरवायला जाणाऱ्याचं आमिष साधं असतं. गांडूळ, कणकेची गोळी, खाडीकाठी कोळंबीचा तुकडा. युरोपातल्या थंड नद्यांमधला ट्राउट पाण्यावर उतरणाऱ्या चिमुकल्या माश्या टिपतो, आणि तिथेच पंचाईत होते. ती माशी चिमटीत धरली की पंख चुरगळतात, गळाला लावेपर्यंत तिचा चिखल झालेला असतो. मग माशीच बनवायची!

ही अडचण नेमकी लिहून ठेवणारा पहिला माणूस म्हणजे रोमन लेखक एलियन. इ. स. 200 च्या सुमारास प्राण्यांविषयी लिहिलेल्या ग्रीक ग्रंथात तो मॅसिडोनियातल्या अ‍ॅस्ट्रेअस नदीवरच्या कोळ्यांची हकिगत सांगतो. नदीत ठिपकेदार मासे आहेत, ते पाण्यावरची एक माशी खातात. पण माणसाचा हात लागला की माशीचा रंग उतरतो. म्हणून कोळी गळाला लाल लोकर गुंडाळतात आणि वर कोंबड्याच्या गळ्याखालची मेणाच्या रंगाची दोन पिसं बसवतात. सहा फुटांची काठी, तेवढीच दोरी. एलियनने हे ऐकून लिहिलंय, म्हणजे युक्ती त्याच्याही आधीची. ती शोधली कोणी, तर पोटासाठी मासे धरणाऱ्या माणसांनी. पुढे हा छंद साहेबलोकांचा झाला, हे लक्षात ठेवलेलं बरं.

इंग्रजीत या विद्येचं पहिलं छापील पुस्तक आलं 1496 साली, वेस्टमिन्स्टरच्या विंकिन द वर्डच्या छापखान्यातून. ते डेम ज्युलियाना बर्नर्स नावाच्या जोगिणीचं म्हणून सांगतात. पुरावा मात्र तोळामासाच आहे. त्यात बारा माश्यांच्या कृती आहेत, महिन्यावार लावलेल्या. अंगाला लोकर, पंखांना तितराचं नाहीतर बदकाचं पीस. बांधायचं कसं, हे मात्र नीट उलगडलं ते 1676 मध्ये चार्ल्स कॉटनने. आयझॅक वॉल्टनच्या प्रसिद्ध पुस्तकाला त्याने दुसरा भाग जोडला. कॉटन अस्वलाचे केस, उंटाचे केस, डुकराची लव असलं काय काय जमवायला सांगतो, आणि गळ डाव्या हाताच्या चिमटीत धरायला लावतो. तेव्हा गळ पकडून ठेवणारा व्हाइस, म्हणजे छोटा शिकंजा, वगैरे नव्हता.

त्या काळच्या गळाला डोळाच, म्हणजे दोरी ओवायचं भोकच, नसे. घोड्याच्या शेपटीचा केस, पुढे रेशीमकिड्याच्या ग्रंथीपासून ओढलेली तात, थेट गळाच्या दांड्यावर दोऱ्याने आवळत आणि त्यावर माशी बांधत. तात माशीच्या तोंडापाशी झिजली की माशी कितीही सुबक असो, टाकून द्यायची. 1880 च्या आसपास बारीक डोळ्याचा गळ रुळला. तो घडवून घेणाऱ्यांत जॉर्ज बँकार्टच्या जोडीला होता ब्रिस्टलच्या क्लिफ्टन कॉलेजातला गणिताचा मास्तर, एच. एस. हॉल. होय, ‘हॉल अँड नाइट’च्या बीजगणितातला हॉल. आपल्या कित्येक पिढ्यांची झोप उडवणाऱ्या माणसाने ट्राउटची झोप उडवण्याचीही सोय करून ठेवली होती.

सॅमनच्या माशीची तऱ्हा निराळी. सॅमन समुद्रातून नदीत शिरतो तो अंडी घालायला. खाणं त्याने जवळजवळ सोडलेलं असतं. म्हणजे नक्कल करायला खरी माशीच नाही! या मोकळिकीत व्हिक्टोरियन हौशी मंडळींनी साम्राज्यभरची पिसं गळावर चढवली. जॉर्ज केल्सनने 1895 मध्ये त्यावर जाडजूड ग्रंथ लिहिला आणि कोणतं पीस कुठे हे शास्त्र असल्याच्या थाटात सांगितलं. माझ्या मते ही सजावट माशांपेक्षा माणसांसाठीच होती. तिच्यातला मानाचा दागिना आपल्या सह्याद्रीतला. राखी रानकोंबड्याच्या मानेवरच्या पिसांना टोकाशी मेणाचा थेंब गोठल्यासारखे पिवळट, चकचकीत ठिपके असतात. असं एकेक पीस माशीच्या दोन्ही बाजूंना बसवलं की डोळा झाला. 1902 मध्ये हिंदुस्थान सरकारने रानपक्ष्यांच्या पिसांची निर्यात बंद केली आणि 1972 च्या कायद्याने पक्ष्यालाही संरक्षण दिलं. आता बाहेरच्या देशांत पाळलेल्या रानकोंबड्यांची पिसं विकली जातात. पण हाव संपली असं नाही. जून 2009 मध्ये लंडनच्या रॉयल अकॅडमी ऑफ म्युझिकमध्ये बासरी शिकणारा एक अमेरिकन तरुण इंग्लंडमधल्या ट्रिंगच्या निसर्ग-इतिहास संग्रहालयात खिडकीतून घुसला आणि पक्ष्यांची 299 कातडी घेऊन गेला. काही तर निसर्गशास्त्रज्ञ आल्फ्रेड रसेल वॉलेसने जमवलेली. सगळा खटाटोप सॅमनच्या माश्यांसाठी.

आयुष्यभर विकतच्या माश्यांवर मासे धरलेला माणूस जेव्हा स्वतः बांधायला बसतो, तेव्हा यातलं काही लागत नाही. हात बसवायला ‘वूली बगर’ ही ढोबळ माशी बरी: शेपटीला मारबूचं मऊ पीस, अंगाला झुबकेदार शेनिलची दोरी, वरून कोंबड्याच्या पिसाचे वेढे. व्हाइसमध्ये गळ घट्ट बसवायचा, दोरा सतत ताणून धरायचा. ताण गेला की सगळं सुटतं आणि फार ओढलं की दोराच तुटतो. बोटांना ते माप हळूहळूच कळतं. नवखा हमखास अडतो तो हॉलच्या डोळ्यापाशी. पीस गुंडाळत तो इतका पुढे येतो की शेवटची गाठ मारायला जागाच उरत नाही, आणि डोळा दोऱ्याने बुजतो. मग ब्लेडने दांडा खरवडायचा आणि तोच गळ पुन्हा व्हाइसमध्ये लावायचा.